चाफे आळीतला वास्तुदोष

शांताराम चौधरींच्या माजघरात त्या सकाळी इतकी माणसं दाटली होती, की उशिरा आलेल्यांनी खिडकीच्या गजांमधून माना आत घातल्या होत्या. माजघराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या फरश्या उखडून तिथे हातभर खोल खड्डा खणला होता. खड्ड्याच्या काठाशी, वाघ छापलेल्या चादरीवर, वास्तुमहर्षी शत्रुघ्नानंद पद्मासन घालून बसले होते. खऱ्या व्याघ्रचर्माची सोय झाली नसावी. अंगावर भगवं रेशीम, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ आणि कपाळावर गंधाचा एवढा रुंद पट्टा, की खाली कपाळ आहे हे गृहीतच धरावं.

"भूमी ही माता आहे," महर्षी डोळे मिटून म्हणाले. "मातेला ज्वर चढला तर लेकरांचं बरं कसं होईल? तुम्ही तिच्या मस्तकावर मोरी बांधलीत, नाभीत जिना रोवलात, आणि मला विचारता, महाराज, दुकानात गिऱ्हाईक का फिरकत नाही. पृथ्वीच्या पोटातून वैश्विक लहरी निघतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळायला लागलंय. आपल्या ऋषींना यंत्राशिवाय दिसत होतं. मलाही दिसतं. पण तुम्हाला दिसावं म्हणून हा दिवा."

केशरी बटव्यातून त्यांनी दोन मुठी विभूती काढून खड्ड्यात टाकली. वर तांब्याच्या गडूतून गंगाजल ओतलं. खड्ड्यातून फस्स असा आवाज आला आणि पांढरा फेस उसळला. पुढे बसलेल्या बायका घाईघाईने मागे सरकल्या. महर्षींनी साखळीला टांगलेला पेटता दिवा हळूहळू खाली सोडला. दिवा खड्ड्याच्या काठाखाली गेला, वात एकदा लवली, आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. झुळूक नव्हती, कुणी फुंकर घातली नव्हती. त्यांनी दिवा पुन्हा लावला, पुन्हा सोडला, तो पुन्हा विझला. शांतारामांची बायको यमुना हिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"मृत भूमी," महर्षी म्हणाले. "जिथे अग्नी जगत नाही, तिथे धंदा काय जगणार?"

शांताराम चौधरींचं भांड्यांचं दुकान होतं. तिथलं गिऱ्हाईक कुठे गेलं हे कळायला वैश्विक लहरींची गरज नव्हती. स्टेशनच्या रस्त्यावर काचेच्या दारांची नवी दुकानं झाली होती, ती कुणालाही चालत जाऊन बघता आली असती. पण चालण्यापेक्षा घर पाडणं शांतारामांना सोपं वाटलं.

दाराशी उभ्या असलेल्या विनिताने हे सगळं पाहिलं. ती शेजारच्या पाटलांची सून. माहेर साताऱ्याकडचं, वसईतल्याच एका शाळेत ती शास्त्र शिकवत असे. फेस बघून तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण सासूबाई तिच्या दंडाला धरून कुजबुजत होत्या, तपासायचे पेपर घरी पडले होते, आणि खड्डा दुसऱ्याच्या घरात होता. ती घरी गेली.

नव्वदचं दशक तेव्हा सरत आलं होतं. वसई गावातली चाफे आळी म्हणजे जुन्या दुमजली कौलारू घरांची रांग. रस्त्याला ओटी, मागे परसात केळी आणि विहीर, दोन घरांमध्ये जेमतेम माणूस जाईल एवढे बोळ. शेजारच्या आळ्यांतली अशी घरं पाडून इमारती होऊ लागल्या होत्या. चाफे आळी अजून उभी होती. मात्र रविवारच्या पुरवण्यांमधून वास्तूचं वेड घरोघर शिरलं होतं, आणि महर्षी त्याच वाऱ्यावर आळीत आले होते. ते स्वतः एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत, आणि त्यांच्या फ्लॅटचं दार कोणत्या दिशेला उघडतं हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

चौधरींच्या घरी दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. कंत्राटदार होता महर्षींचा पट्टशिष्य जितेश. गळ्यात रुद्राक्षाची माळ, खिशाला टेप. गुरूने दोष दाखवायचा आणि शिष्याने तो विटासिमेंटने बुजवायचा, असा दोघांचा संसार चालला होता.

काम संपलं आणि महर्षींच्या शुद्धिपरीक्षेत खड्ड्यातला दिवा जळत राहिला, तेव्हा चौधरींच्या घराचा चेहरा गेला होता. पुढचं दार दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला, म्हणून ते विटांनी चिणलं. पाहुण्यांना बोळातून, न्हाणीघराला वळसा घालून, परसातून आत शिरावं लागे. पोस्टमन बिचारा सवयीने ओटीवर चढून भिंतीसमोर उभा राही. स्वयंपाक आग्नेयेला हवा, पण आग्नेयेला घरच संपत होतं. म्हणून गॅसची शेगडी बाहेर गॅलरीत पत्र्याखाली गेली आणि यमुना ऐन वैशाखात तिथे भाकऱ्या भाजू लागली. नाभीतला सागवानी जिना उपटून मागच्या भिंतीला बाहेरून लोखंडी जिना लावला. झोपायला जायचं तर आधी अंगणात उतरायचं. देवघर वायव्येला होतं, तिथे संडास आला. देव मोरीच्या जागी गेले. त्यांनी तक्रार केली नाही.

आळी आठवडाभर हसली. "शांताराम, तुझ्या घरात शिरायला आता नकाशा लागेल," असं श्रीपत पाटील, म्हणजे विनिताचे सासरे, त्याला तोंडावर म्हणाले. मग लग्नसराई लागली. चौधरींच्या दुकानात पातेली, घागरी खपू लागल्या. दरवर्षी लग्नसराईत खपतच असत. पण ते आता कुणाला आठवेना. हसणारी तोंडं गप्प झाली.

यानंतर महर्षींनी आपली सगळ्यात हुशार चाल खेळली. एका दुपारी यमुना परसातल्या कुंपणापाशी आली आणि विनिताच्या सासूला, कमळीबाईंना, हळू आवाजात म्हणाली, "कमळीताई, महाराज काय म्हणाले सांगू का? दोष कधी मरत नसतो. एका घरातून हाकलला की शेजारच्या घरात जाऊन बसतो. मी आपलं सांगून ठेवलं. नंतर म्हणाल, शेजारीण असून बोलली नाही."

झालं. त्या दिवसापासून पाटलांच्या घरात दूध उतू गेलं तरी तो चौधरींचा दोष. नारळ नासका निघाला, दोष. पंप बिघडला, दोष. आधीही दूध उतू जात असे आणि पंप बिघडत असे, पण आता प्रत्येक गोष्टीला कारण सापडलं होतं. आळीत कुजबुज वाढली. पलीकडच्या घरानेही महर्षींना निरोप धाडला, कारण पाटलांनी दोष हाकलला तर तो पुढे त्यांच्याकडेच येणार होता. माणसांना एकमेकांची भीती घालून घरं पाडायला लावणं किती सोपं असतं, हे चाफे आळीत त्या उन्हाळ्यात कुणीही बघून घ्यावं.

पाटलांच्या घरात मात्र दुधापेक्षा मोठी काळजी होती. विनिताची नणंद रोशनी कॉलेजला होती आणि तिला लहानपणापासून फिट येत असे. नाक्यावरचे डॉक्टर आलोशियस डिमेलो तिला गोळ्या देत. त्या नेमाने घेतल्यापासून फिट आली नव्हती. पण बघायला आलेल्या स्थळाला गोळ्यांची कुणकुण लागली की बोलणी तिथेच थांबत.

शेवटी कमळीबाईंनी महर्षींना बोलावलं. ते यायच्या आदल्या दिवशीच पाटलांच्या दारात जितेशची रेती येऊन पडली. विनिता शाळेतून आली आणि त्या ढिगासमोर उभी राहिली.

"अजून खड्डा खणला नाही, दिवा विझला नाही, आणि रेती आली?" तिने नवऱ्याला विचारलं.

भूपेश बँकेतून नुकताच आला होता. तो बूट काढत म्हणाला, "अगं, स्वस्तात येत होती म्हणून टाकली असेल. आईचं मन राहू दे ना. एक दार इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं?"

दिवा अर्थातच विझला. महर्षींनी डोळे उघडले ते थेट रोशनीवर. "हिच्या गोळ्या बंद करा. एकीकडे वास्तू लहरी देणार, दुसरीकडे गोळ्या मेंदूची दारं लावून घेणार. रोज सकाळी चमचाभर हे तीर्थ आणि त्यात चिमूटभर विभूती. घर शुद्ध झालं की मुलगीही शुद्ध."

त्यांनी कमळीबाईंच्या हाती तीर्थाची बाटली आणि विभूतीची पुडी दिली. कमळीबाईंनी ती देवघरात ठेवली.

"अण्णा, घराचं काय करायचं ते करा," विनिता सासऱ्यांना म्हणाली. "पण गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही."

"डाक्तर इतकी वर्षं गोळ्या देतो," श्रीपत म्हणाले. "बरी झाली का पोर?"

"फिट येत नाही, हेच बरं होणं आहे."

"येतच नाय तर मग गोळ्या कशाला?"

विनिताने रोशनीकडे पाहिलं. रोशनी खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, मलाही नको आहेत त्या. गोळ्या घेते म्हणून सांगायची मला लाज वाटते. एकदा बघू दे ना असंही." विनिता त्या रात्री जेवली नाही. पण घर सासऱ्यांचं होतं, मुलगी त्यांची होती, आणि तिच्या हाती तेव्हा नुसता संशय होता.

पाटलांचं दार चिणलं गेलं. मागे लोखंडी जिना आला. त्याला कठडा लावायचा राहिला होता. जितेश तोवर पलीकडच्या घराच्या दारात रेती टाकण्यात गुंतला होता. एका सकाळी रोशनी वरच्या मजल्यावरचे वाळलेले कपडे घेऊन जिन्यावरून उतरत होती. विनिता खाली तुळशीपाशी होती. तिला कपडे आधी पडताना दिसले. मग रोशनीचे हात ताठ झाले, मान मागे गेली, आणि ती उघड्या बाजूने खाली परसात कोसळली.

तिचं अंग झटके देत होतं. कपाळातून रक्त येत होतं. गवंडीकाम करणाऱ्यांपैकी एकाने चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, दुसरा कांदा फोडायला धावला. विनिताने दोघांनाही ढकललं, रोशनीला कुशीवर वळवलं, तिच्या डोक्याखाली साडीची घडी सरकवली आणि झटके थांबेपर्यंत तिचा खांदा धरून बसली. कमळीबाई दारात उभ्या होत्या.

डॉक्टर आलोशियस आले. मनगटाचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडणार होते. त्यांनी जखम पुसता पुसता विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

कमळीबाई पदराने रोशनीचे पाय पुसू लागल्या.

"किती दिवस बंद आहेत?"

"महाराजांनी सांगितलं व्हतं," श्रीपत पुटपुटले.

डॉक्टरांनी हातातला कापूस खाली ठेवला. "श्रीपतभाऊ, तुम्ही मला काही बोलला असता तर मी तुमच्या घरी येऊन पाया पडलो असतो. ही गोळी एकदम थांबवली तर फिट जोरात परत येते. जिना आणखी उंच असता तर आज तुम्ही मला बोलवलंच नसतं."

संध्याकाळी महर्षींकडून जितेशमार्फत निरोप आला: दोष घर सोडताना शेवटचा हिसका देतो. शुभलक्षण आहे. रविवारी शुद्धिपरीक्षा. मुलगी रक्ताने माखून पडली तेही शुभलक्षण. या माणसांच्या शब्दकोशात अपयश हा शब्दच नसतो. तिथे फक्त शुभलक्षणं असतात आणि भक्तांची पापं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण कमळीबाईंनी तीर्थ सोडलं नाही. "राहू दे तेवढं," त्या म्हणाल्या. "मन नाय मानत." दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टर घातलेल्या रोशनीला चमचाभर तीर्थ दिलं. रोशनीने ते घेतलं आणि तिला मोठी ढेकर आली.

"दोष निघतो हां," कमळीबाई म्हणाल्या.

रोशनीने तोंड वाकडं केलं. "कसला दोष, आई. वहिनी, हे नुसतं आंबट लागतं. आणि विभूती घातली की सोड्याच्या बाटलीसारखं नाकात जातं."

विनिता हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली. मग तिने बाटलीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले. आंबट. विभूतीचा कण जिभेवर ठेवला. खारट, साबणासारखा. ती देवघरात गेली, निरांजन लावलं, वाटीत चिमूटभर विभूती घेतली आणि वर तीर्थ ओतलं. वाटीतून फेस उसळला. जे ती दरवर्षी आठवीच्या मुलांना करून दाखवत असे, ते महर्षी घरोघर खड्ड्यात करून दाखवत होते. वर्गातली मुलं निदान ते का होतं हे लिहून गुण तरी मिळवत.

शाळेच्या प्रयोगशाळेत तिने खात्री करून घेतली. विभूती आणि तीर्थातून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला आणि निवळी दुधासारखी झाली. आता तिला संशय नव्हता. राग होता, आणि तो तिने रविवारपर्यंत सांभाळून ठेवला.

रविवारी सकाळी पाटलांच्या घरात आळी लोटली. पलीकडच्या घरची माणसं होती, शांताराम आणि यमुना होते, टाके बघायला आलेले डॉक्टर आलोशियस मागे स्टुलावर बसले होते. रोशनी प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून खिडकीशी होती. महर्षी वाघाच्या चादरीवर बसले आणि त्यांनी या वेळी पांढरा बटवा काढला.

"महाराज, एक शंका आहे," विनिता म्हणाली. "विचारू का?"

"विचार, मुली. शंका फिटल्याखेरीज श्रद्धा बसत नाही."

"मागच्या वेळी तुम्ही केशरी बटव्यातली विभूती घेतली होती. आज पांढऱ्यातली का?"

"ती शोधविभूती. ही शांतिविभूती. फरक सूक्ष्म आहे."

"मग आज शोधविभूतीच टाकून बघू या. भूमी शुद्ध झाली असेल तर दिवा जळत राहील. आमची सगळ्यांची खात्री होईल."

महर्षी हसले, पण त्यांनी केशरी बटव्याला हात लावला नाही. "शुद्ध झालेल्या भूमीची पुन्हा परीक्षा घेणं म्हणजे आईच्या चारित्र्यावर संशय घेणं आहे."

"बरं, मग भूमीला त्रास नको," विनिता म्हणाली आणि तिने स्वयंपाकघरातून स्टीलची बादली आणली. ती तिने आधी सगळ्यांना आतून दाखवली. मग माजघरातल्या झोपाळ्याच्या कडीला अडकवली. बादली जमिनीपासून कमरेइतकी उंच लोंबकळत राहिली. "आई, तुमची पुडी आणि बाटली द्या."

कमळीबाईंनी महर्षींकडे पाहिलं, मग रोशनीच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं. त्या देवघरात गेल्या आणि दोन्ही वस्तू घेऊन आल्या.

"ही महाराजांनीच दिलेली विभूती," विनिता म्हणाली. "हे त्यांचंच तीर्थ." तिने दोन्ही बादलीत टाकलं. फस्स आवाज झाला. फेस बसल्यावर तिने महर्षींच्याच साखळीवरचा पेटता दिवा आत सोडला. वात लवली आणि विझली. तिने काडी ओढून तो परत लावला, परत सोडला. परत विझला.

पुढे बसलेली माणसं गुडघ्यांवर उठून बादलीत डोकावली.

"महाराज, या बादलीचं पुढचं दार कोणत्या दिशेला आहे?" विनिताने विचारलं. तिने बादलीला गिरकी दिली. "आता आग्नेय कुठे गेली? आणि हिच्या नाभीत कुणाचा जिना आहे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महर्षी म्हणाले, "बादली दोषी वास्तूच्या छताला टांगलीय. दोष कडीतून उतरतो."

"दोष कडीतूनही उतरतो. ठीक आहे." विनिताने बादली काढली, उंबऱ्याबाहेर परसात उघड्या आकाशाखाली नेली. माणसं तिच्यामागे बाहेर आली. तिने तुळशीच्या कट्ट्यावर पेटती पणती ठेवली आणि तळातलं पाणी सांडू न देता बादली पणतीवर हलकेच कलती केली. बादलीतून काहीच पडताना दिसलं नाही. पणती मात्र विझली.

"हेच खड्ड्यात भरलेलं असतं," ती म्हणाली. "विभूती म्हणजे राखेत मिसळलेला खायचा सोडा. तीर्थ म्हणजे पाण्यात विरघळवलेलं लिंबाचं फूल, वाण्याकडे मिळतं ते लिंबूसत्व. दोन्ही एकत्र आले की एक वायू निघतो. त्याला रंग नाही. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खड्ड्यात पाण्यासारखा साठून राहतो. दिव्याला जळायला जी हवा लागते ती त्यात नसते. म्हणून दिवा विझतो. चौधरीकाकांच्या घरात विझेल, देवळात विझेल, महाराजांच्या फ्लॅटमध्येही विझेल. आणि घर फोडून झालं की महाराज पांढरा बटवा काढतात. त्यात नुसती राख असते. दिवा जळतो, भूमी शुद्ध होते."

"महाराजांची विभूती दैवी असंल," गर्दीतून कुणी म्हणालं. "म्हणून तसं होत असंल."

विनिताने पदराच्या गाठीतून वाण्याच्या दुकानातली सोड्याची पुडी काढली. परसातल्या झाडाची लिंबं तोडून यमुनेच्या हाती दिली. "यमुनाकाकू, तुम्ही पिळा." यमुनेने लिंबं पिळली, एक, दोन, लागतील तेवढी. धुतलेल्या बादलीत फेस आला. साखळीवरचा दिवा यमुनेनेच लावून आत सोडला. तो विझला. यमुनेने ती काळी वात बोटाने चाचपून पाहिली.

महर्षी उठले. "या घराने माझा अपमान केला आहे. याची फळं घर भोगेल." जितेश चादर गुंडाळू लागला. "चला महाराज, बोळिंजला वेळ दिलीय," तो म्हणाला.

श्रीपत पाटील त्यांच्या वाटेत उभे राहिले. ते वयाने थकलेले होते आणि त्यांचा आवाजही चढला नाही. "दाराचं जाऊ दे. ते मी माझ्या हातानं बुजवलं. पन माझ्या पोरीच्या गोळ्या तुमी कशापायी बंद केल्या? तेवढं सांगा नि जा."

लहरींबद्दल, लोकांच्या नाभीबद्दल आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबद्दल ज्याचं तोंड कधी थांबत नसे, त्याने आज फक्त सोनेरी पट्ट्याच्या घड्याळाकडे पाहिलं. तो श्रीपतना वळसा घालून बोळातून निघाला. दार चिणलेलं असल्यामुळे त्याला न्हाणीघरासमोरून जावं लागलं.

सगळं सरळ झालं, असं नाही. त्या दिवशी सर्वांत जास्त राग महर्षींवर निघाला नाही. तो विनितावर निघाला. "तुला एवढं कळत होतं तर आमच्या घरात खड्डा खणला तेव्हा बोलायचं होतंस," शांताराम म्हणाले. "आता आळी मला हसणार."

"काका, तेव्हा मला कळलं नव्हतं," विनिता म्हणाली. "आणि हसतील ते चार दिवस. दार उघडा."

"ते राहू दे तसंच. थंड राहतं घर," शांताराम म्हणाले आणि निघून गेले. फसवलं गेल्याचं मान्य करण्यापेक्षा बोळातून जन्मभर येजा करणारी माणसं असतात. त्यांच्या जिवावरच महर्षी जगतात.

यमुनेने नवऱ्याशी वाद घातला नाही. ती घरी गेली, गॅलरीतली शेगडी उचलली आणि जुन्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सिलिंडर तिला एकटीला सरकेना तेव्हा भूपेश जाऊन हात लावून आला. श्रीपतनी त्याच संध्याकाळी पहार घेतली आणि ओटीवरच्या विटांवर घाव घालायला सुरुवात केली. रोशनी आतून, प्लॅस्टर सांभाळत, पडलेले तुकडे एका हाताने बाजूला करत होती. भिंतीत पहिलं भगदाड पडलं तेव्हा तिला समोर रस्त्यावर उभे असलेले डॉक्टर आलोशियस दिसले. "गोळी घेतलीस का?" त्यांनी बाहेरून विचारलं. "घेतली," ती म्हणाली, आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या ओटीवरही ऐकू गेलं.

महर्षी बुडाले नाहीत. अशी माणसं बुडत नाहीत, फक्त पत्ता बदलतात. बोळिंजच्या नव्या संकुलांत भिंती पाडता येत नव्हत्या, म्हणून तिथे ते आरसे आणि तांब्याचे पिरॅमिड विकू लागले, असं कानावर आलं. दिवाळीच्या सुमारास कमळीबाईंच्या बोळिंजच्या बहिणीचा फोन आला. तिच्या नातवाला दमा होता. एक फार मोठे महाराज घरी येणार होते, दिवा लावून दोष बघणार होते, आणि पंपाचं औषध बंद करा म्हणत होते. कमळे, तुझं काय म्हणणं, असं ती विचारत होती.

विनिता फोन घ्यायला पुढे झाली. कमळीबाईंनी रिसीव्हर सोडला नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "औषध बंद करू नको. कोनी सांगितलं तरी नको. घरात काय बदलायचं तर बदल. छप्पर गळतं म्हनून बदल, उजेड नाय म्हनून खिडकी फोड. पन कोनाच्या भीतीनं वीट हलवू नको. आनि तो दिवा विझवून दाखवेल तेव्हा हात जोडू नको. त्याला म्हन, महाराज, फिरून एकदा करा. आमच्या भांड्यात, आमच्या पान्यानं. बघू विझतो का."